तळाशी लाल ठिपका

खळग्याच्या तळाशी लाल ठिपका, वर स्वच्छ पाणी. ढापणीने प्लास्टिकचा ट्रे खिडकीच्या उजेडात धरला, तिरका केला, चष्मा कपाळावर सरकवून पार नाकाशी नेला. रांगेतला एकही खळगा गुलाबी नव्हता. रक्त तिच्या भावाचं होतं, औषध तिचं होतं, आणि रक्त फुटलं नव्हतं.

तिने ट्रे खाली ठेवला. मग नळ सोडून रडली, कारण नळाच्या आवाजात ऐकू जात नाही असं तिला वाटायचं. सगळ्यांना ऐकू गेलं.

ढापणी हे नाव भावानेच पाडलेलं. शाळेत पहिल्यांदा जाड भिंगांचा चष्मा लावून घरी आली तेव्हापासून. पुढे ती कितीही शिकली, प्रयोगशाळेत मोठी झाली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

ती काय करायची ते सांगतो. अँटिबायोटिक रचायची. रचायची म्हणजे अक्षरशः मणी ओवायची. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. बेडकाच्या कातडीत अशा माळा असतात, आपल्या घामातही असतात. त्या जंतूच्या अंगावरच्या तेलकट पापुद्र्यात घुसतात आणि भोकं पाडतात. जंतू फुटतो. नेहमीचं औषध जंतूच्या पोटातलं एखादं यंत्र बंद पाडतं, आणि जंतू यंत्र बदलून मोकळा होतो. सगळी कातडीच बदलायची म्हटलं तर त्यालाही जड जातं.

मग इतकं झकास औषध दुकानात का मिळत नाही? कारण ही माळ आंधळी आहे. जंतूला फोडते तशी आपल्या रक्तातल्या लाल पेशींनाही फोडते. जंतू मेला, सोबत माणूसही. म्हणून एक मणी काढायचा, दुसरा घालायचा, आणि पुन्हा रक्तात टाकून बघायचं. तेलकट मणी कमी केले की रक्त वाचतं, पण जंतूही आरामात वाचतो. ढापणीने माळेच्या मधला एक मणी काढून त्याच्या जागी त्याचीच आरशातली प्रतिमा बसवली. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात घालावा तसं. माळेला तिथे वाकडं वळण आलं. जंतूला ती पूर्वीसारखीच फोडत राहिली, रक्ताला मात्र हात लावेना. ही एकेचाळिसावी रचना. तिचं नावच एकेचाळीस पडलं.

या कामाला आधी एका बड्या औषध कंपनीचा पैसा होता. मग कंपनीने हात काढला. का, तर अँटिबायोटिक माणूस आठ-दहा दिवस घेतो आणि बरा होतो. बरं होणारं गिऱ्हाईक कुणाला हवंय? रक्तदाबाची गोळी कशी, मरेपर्यंत घ्यावी लागते. तो धंदा. कंपनीच्या साहेबाने हे हसत हसत, बिस्किट खात सांगितलं होतं. त्याला लिफ्टच्या भोकात ढकलायला हवं होतं. पडला मात्र ढापणीचा भाऊ.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. वरच्या मजल्यावरचं दार कुणीतरी उघडं सोडलेलं, आत लिफ्ट नव्हती, पाय टाकला. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. सळईबरोबर जंतू गेला. हा जंतू रस्त्यावरचा नव्हे. इस्पितळातच जन्मलेला, तिथल्याच औषधांवर पोसलेला, निगरगट्ट. डॉक्टरांनी एकामागून एक औषध दिलं, त्याने ते पचवलं. शेवटच्या औषधाने जंतूला काही केलं नाही, दादाची किडनी अर्धी खाल्ली. आता जंतू रक्तात उतरला होता.

ढापणीने तोच जंतू एका बशीत मागून आणला होता. एकेचाळीसने त्याला तासाभरात साफ केलं. आणि आज दादाचं रक्तही शाबूत. नळ बंद करून तिने तोंड पुसलं आणि ती इस्पितळात पळाली.

---

"आल्या शास्त्रज्ञ," दादा म्हणाला. त्याचं तोंड कागदासारखं पांढरं पडलं होतं, पण जीभ तापातही बोथट झाली नव्हती. "काय ढापणे, माझं रक्त पास की नापास?"

"पास."

"घरात सांगा रे कुणीतरी. आयुष्यात पहिल्यांदा."

"हसू नका," वहिनी म्हणाली. ती त्याच्या कपाळावरची पट्टी बदलत होती. "हसलात की खोकता, खोकलात की कळवळता."

"मग डॉक्टरला सांग हसवू नको म्हणून. सकाळी म्हणतो, तुमचा ताप वर जातो, खाली येतो. म्हटलं, दोन मजल्यांच्या मध्ये अडकला तर मला हाक मारा, मी काढतो."

वहिनी हसली नाही. तिने ढापणीचा दंड धरला आणि हळूच विचारलं, "खरंच देता येईल?"

"येईल."

"माझ्याकडे बघून सांग."

"येईल, वहिनी."

डॉक्टर बाहेर पॅसेजमध्ये भेटला. दमलेला माणूस होता, खोटं बोलायचाही कंटाळा आलेला. त्याने सरळ विचारलं, "हे औषध कुणा माणसाला दिलंय?"

"नाही."

"उंदराला?"

"पुढच्या महिन्यात सुरू होणार होतं. त्यासाठीचं शुद्ध औषध बनून आलंय, फ्रीजमध्ये आहे."

"इतर वेळी मी तुम्हाला हाकलून दिलं असतं." तो भिंतीला टेकला. "पाय खुब्यापासून कापला तरी उपयोग नाही, जंतू रक्तात आहे. माझ्याकडे काही उरलेलं नाही. तुमच्या मॅडमची सही आणा, परवानगी देणाऱ्या समितीला मी बघतो. पण रक्ताची तपासणी दुसऱ्या कुणाच्या तरी हातून पुन्हा करून घ्या. तुम्ही बहीण आहात. तुम्हाला ट्रेमध्ये जे दिसायला हवंय तेच दिसेल."

"लगेच फोन करते."

"आणि त्यांचं हिमोग्लोबिन फार खाली गेलंय. रक्त चढवू. तुमच्या औषधाला तोंड द्यायलाही अंगात थोडी ताकद हवी."

"चढवा," ढापणी म्हणाली. विचारसुद्धा केला नाही. करण्यासारखं काय होतं त्यात?

दादाच्या बरोबरचे लिफ्टवाले तासाभरात आले. हातांना ग्रीस तसंच, काहीजण कामावरून उठून. रक्तपेढीच्या दाराशी रांग लावून उभे राहिले. त्यातला जाड्या सुईला इतका घाबरायचा की दोघांनी त्याला धरून आत नेलं. "केबलला लोंबकळतो तेव्हा नाही रे घाबरत," मागून कुणी ओरडलं. "केबल टोचत नाही," जाड्या म्हणाला. त्यांचंच रक्त दादाला गेलं की त्यांच्या बदल्यात पेढीतलं दुसऱ्या कुणाचं, ते पेढीवाल्यांनाच ठाऊक. दुपारी दादाच्या उशाशी पिशवी लागली. ती रिकामी झाली, दुसरी लागली. गालांवर थोडी लाली आली. वहिनीने ती बघितली आणि किती दिवसांनी खोचलेला पदर सोडून बसली, भिंतीला डोकं टेकून झोपली.

तेव्हा मॅडमचा फोन आला. एकच शब्द. "ये."

---

मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. कडक बाई, पण सरळ. त्यांचा एक नियम होता. ज्याने रेणू रचला त्यानेच रक्ताच्या तपासणीसाठी आपला हात पुढे करायचा. तरुणपणी त्यांनी एका नावाजलेल्या संस्थेत बघितलं होतं, साहेब लोक झाडूवाल्यांना बोलावून, न विचारता त्यांच्या दंडात सुया खुपसायचे. मॅडमनी तेव्हाच ठरवलं, आपल्या छताखाली हे नाही. "तुमची अक्कल तपासायला दुसऱ्याला का टोचायचं?" असं त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी विचारायच्या. पाहुण्यांना हा नियम सांगताना सगळ्यांची मान ताठ व्हायची. चांगला नियम होता. माणुसकीचा होता. त्यात कुणाला खोट दिसली नाही, दिसायचं कारणही नव्हतं.

टेबलावर ट्रे होता. त्यातली अख्खी रांग लाल. तळाशी ठिपका नाही, वर स्वच्छ पाणी नाही. तळापासून वरपर्यंत लाल शाई.

"हे काय?" ढापणी म्हणाली. "साबणाची रांग ना ही?" मुद्दाम रक्त फोडून बघायला एका रांगेत साबण घालतात, तिला वाटलं तीच.

"एकेचाळीसची," लांब्या म्हणाला. लांब्या तिच्या शेजारच्या टेबलावरचा. उंच, वाकलेला, तिच्याइतकीच वर्षं इथे घासलेला. "तू इस्पितळात होतीस. म्हटलं तपासणी माझ्या हातची, तर हातही माझाच. माझं रक्त काढलं."

"कालवताना चुकलास."

"दोनदा केलं."

"मग तुझ्या रक्तातच काहीतरी—"

"माझं पण," मॅडम म्हणाल्या, आणि दुसरा ट्रे पुढे सरकवला. "हे माझं. हे हिशेबवाल्या बाईंचं. हे वॉचमनचं, त्यांना विचारून घेतलं." रांगेमागून रांग, सगळ्या लाल. "आता तुझं दे."

तिने बाही वर केली. लांब्याने रक्त काढलं. पेशी मिठाच्या पाण्यात धुतल्या, एकेचाळीस घातलं, ट्रे शरीराइतक्या उबेत ठेवला. तासभर थांबले. मग ट्रे मशीनमध्ये गरगरवून बाहेर काढला. तळाशी लाल ठिपका, वर स्वच्छ पाणी. काय सुंदर दिसत होतं.

मॅडमनी तिच्या रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली घातला. बराच वेळ मान वर केली नाही.

"लहान आहेत," त्या म्हणाल्या. "फिकट. मधे ठिपका. थॅलेसेमिया मायनर. तुला माहीत होतं?"

नव्हतं. कसं असणार? दुखत काहीच नाही. घरात सगळेच फिकट. आई फिकट, दादा फिकट, ती फिकट. शाळेतल्या डॉक्टरने सांगितलं लोह कमी आहे, गोळ्या घ्या. पुढच्या प्रत्येक डॉक्टरने कागदावर न बघता तेच सांगितलं. आईने दोघांना पालेभाजी आणि गोळ्या कोंबून कोंबून वाढवलं. रक्तातला जन्माचा दोष, आईकडून दोघांत उतरलेला. त्या पेशी लहान, चपट्या आणि चिवट. कमी मिठाच्या पाण्यात टाकल्या तरी इतरांच्या पेशींच्या नंतर फुटतात. एकेचाळीसपुढेही टिकल्या, त्या बहुधा त्याच चिवटपणावर.

म्हणजे तिने औषध रचलं नव्हतं. मणी बदलत बदलत, दर वेळी स्वतःच्याच रक्तात तपासून, वर्षानुवर्षं तिने स्वतःच्या मापाचा झगा शिवला होता आणि जगाला होईल म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. एका परिषदेतलं लाकडी पदक भिंतीवर होतं. मिळालं होतं रक्त न फोडणाऱ्या रचनेसाठी. खरं तर ते तिच्या आईच्या पंडुरोगाला द्यायला हवं होतं.

लांब्या खिडकीकडे तोंड करून उभा होता. "माझे सगळे रेणू पहिल्याच तपासणीत लाल व्हायचे," तो म्हणाला. "आठवतंय ना? तू म्हणायचीस तुझं रक्त भित्रं. मी हसायचो. घरी जाऊन आरशात बघायचो. आपण या कामाच्या लायकीचे नाही असं ठरवून टाकलं होतं मी. बायकोलाही सांगितलं होतं, सोडतो म्हणून." तो वळला. "मी नालायक नव्हतो गं. माझं रक्त फक्त धड होतं."

ढापणीला त्याची दयाही आली नाही, इतकी जागाच आत नव्हती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट उभी राहिली होती आणि ती तिने ओरडून सांगितली.

"पण दादाचं रक्त फुटलं नाही! तो माझ्यासारखाच आहे. मी बघितलंय, मॅडम, माझ्या डोळ्यांनी. एकेचाळीस जगातल्या कुणाला चालत नसेल, त्याला चालतं!"

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "एका घरापुरतं औषध," त्या पुटपुटल्या.

"एका माणसापुरतं तर एका माणसापुरतं. तो माणूस मरतोय."

"समिती या चार लाल रांगा बघेल आणि उठून जाईल."

"तुम्ही दाखवू नका."

लांब्याने चमकून पाहिलं. मॅडमनी खणातून कागद काढला, पेनचं टोपण काढलं. "दाखवणार. आणि खाली लिहिणार की रोग्याचं रक्त टिकतं, मी जबाबदार आहे. नंतर मला काढून टाकायचं तर टाकू देत. नाहीतरी नियम माझाच होता." त्यांनी तारीख घातली. सही करायला हात टेकवला, आणि हात तिथेच थांबला.

"एक सांग," त्या म्हणाल्या. "मधल्या वेळात त्याला रक्त चढवलंय का?"

बाहेर कुणीतरी स्टूल ओढलं. त्याचा आवाज पार आतपर्यंत कुरकुरत आला.

"दोन पिशव्या," ढापणी म्हणाली. "आज दुपारी. मीच म्हटलं चढवा."

मॅडमनी पेनला टोपण लावलं.

---

तरी त्यांनी करून बघितलं. ढापणी पुन्हा इस्पितळात गेली, दादाच्या दंडातून नळीभर रक्त घेऊन आली, वहिनीला म्हणाली आणखी एक तपासणी आहे. या वेळी ट्रे नीट लाल नव्हता, नीट स्वच्छही नव्हता. तळाशी दादाचा स्वतःचा ठिपका होता, घट्ट, शहाणा. आणि वर पाहुण्यांचं फुटलेलं रक्त तरंगत होतं. कुणाचं ते? जाड्याचं? दोघांनी धरून आत नेलेल्या त्या माणसाचं?

एवढं रक्त अंगात एकदम फुटलं की ते गाळता गाळता किडनी बसते. दादाची किडनी आधीच अर्धी बसलेली.

"डोस कमी केला तर?" लांब्याने विचारलं. तो घरी गेला नव्हता.

"मग जंतू मरत नाही," ढापणी म्हणाली. ते आकडे तिला पाठ होते. त्या दोन आकड्यांच्या मधली जागा रुंद करण्यातच तिची उमेद गेली होती, आणि ती जागा आता केसाएवढीही नव्हती.

"चढवलेलं रक्त चार महिन्यांत जुनं होऊन जाईल," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःच्याच तोंडाची लाज वाटली असावी, कारण त्या उठून बाहेर गेल्या.

अशा वेळी शिव्या द्यायला कुणीतरी लागतं. बिस्किट खाणारा साहेब होता, त्याला देऊन झाल्या. लिफ्टचं दार उघडं सोडणारा होता. कागद न वाचणारे सगळे डॉक्टर होते. पण दादाला आज मारत होतं ते यांच्यापैकी कुणी नव्हतं. मारत होती मॅडमची माणुसकी, मित्रांची रांग आणि बहिणीने न विचार करता म्हटलेलं 'चढवा'. चांगुलपणाचं थोबाड फोडता येत नाही. हा खरा हरामखोरपणा आहे या जगाचा. वाईट माणसाच्या हातून मेलं तर निदान कुणावर तरी थुंकता येतं.

---

सकाळी वहिनी तोंड धुवायला गेली होती. दादा जागा होता. गालांवर अजून ती उसनी लाली होती.

"बोल," तो म्हणाला. "तुझं तोंड बघून कळलंय, पण तरी बोल."

ढापणीने सांगितलं. सगळं सांगितलं, आईच्या रक्तापासून मॅडमच्या टोपण लावलेल्या पेनापर्यंत. ती लहानपणापासून त्याच्याशी खोटं बोलू शकली नव्हती. त्याने मधे तोडलं नाही. लिफ्ट बिघडली की तो असाच कान लावून ऐकायचा, कुठे खुट वाजतंय ते.

"म्हणजे काल सकाळी चाललं असतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि दुपारनंतर नाही."

"नाही."

तो छताकडे बघत राहिला. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात उतरलं, ते पुसायलाही त्याने हात उचलला नाही. "एवढ्या सगळ्यांत माझं एकट्याचं रक्त बरोबर निघालं," तो म्हणाला, "आणि तेवढ्यात त्यात भेसळ झाली." हसायचा प्रयत्न केला, खोकला आला, कळवळला. तिने त्याचा हात धरला. तो भट्टीसारखा तापला होता.

"खाली बसलेत का रे सगळे?" ती बहीण असली तरी तो तिला कधीकधी 'रे' म्हणायचा.

"बसलेत. वडापची जीप करून आलेत सकाळीच."

"त्यांना सांगू नकोस."

"दादा—"

"ऐक माझं. जाड्या आयुष्यात पहिल्यांदा सुईखाली गेला. त्याला हे कळलं तर तो केबलवर चढणार नाही पुन्हा. सांगू नकोस. तुझ्या वहिनीलासुद्धा नको. तिने काल माझ्या गालांकडे बघितलं ना, ते तसंच राहू दे." त्याने डोळे मिटले. "मला सांगितलंस ते बरं केलंस. मला बिघाड कुठे आहे ते कळायला लागतं."

ती जिन्याने उतरली. लिफ्ट चालू होती, पण ती जिन्यानेच उतरली. खाली बाकांवर ते बसले होते. तिला बघून सगळे एकदम उभे राहिले. दंडांवर कापसाचे बोळे अजून चिकटवलेले. कुणी ते काढले नव्हते, शाळेत मिळालेल्या बिल्ल्यासारखे मिरवत होते.

"ताई," जाड्या पुढे आला. "तोंडावर तेज आलंय म्हणे त्याच्या. वहिनी म्हणाल्या."

"हो."

"म्हणजे लागलं ना आमचं रक्त कामाला?"

ढापणीने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा लावला. भिंगांतून जाड्या आधी होता तेवढाच स्पष्ट दिसत होता.

"लागलं," ती म्हणाली.

"आणखी लागलं तर सांगा," तो म्हणाला, आणि दुसरी बाही वर सरकवून त्याने तो दंडही तिला दाखवला.